अल्पमोल टर्बो-कूपेची शक्ती व पठारावरील तिचा ताळेबंद

मार्च २०१७ मध्ये जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्स या कंपनीने ‘रेसमो’ नावाची दोन आसनांची क्रीडा-मोटार प्रथम मांडली. तिच्या चालकामागे, म्हणजे गाडीच्या मध्यभागी, १.२ लिटर क्षमतेचे तीन सिलिंडरांचे टर्बोयुक्त पेट्रोल एंजिन बसविले होते. त्याची शक्ती १९० मेट्रिक अश्वशक्ती व पीळ २१० न्यूटन-मीटर इतका जाहीर करण्यात आला. विसाव्यापासून शंभरापर्यंत नव्हे, तर स्थिर अवस्थेपासून ताशी १०० किलोमीटर वेगापर्यंत सहा सेकंदांच्या आत पोहोचण्याचा दावाही त्याबरोबर होता. श्रीमंतांच्या छंदापुरती मर्यादित मानली जाणारी कूपे सामान्य उत्पन्नाच्या तरुण ग्राहकाच्या आवाक्यात आणावी, हा या प्रकल्पाचा हेतू होता. ही मोटार विक्रीस कधीच आली नाही. तथापि तिने उभा केलेला तांत्रिक प्रश्न तिच्याबरोबर संपला असे म्हणता येत नाही. लहान एंजिनातून टर्बोच्या साह्याने किती शक्ती काढता येते, तिची किंमत कोठे मोजावी लागते, आणि गाडी विकत घेतल्यानंतर तीत आणखी वाढ करू पाहणाऱ्या मालकासाठी नेमके किती शिल्लक उरते, हे तीन मुद्दे प्रस्तुत विवेचनाचे विषय होत.

या प्रश्नांचा विचार बहुधा समुद्रसपाटीवरील थंड हवा गृहीत धरून केला जातो. महाराष्ट्रातील मोटार मात्र पठारावर व उन्हात धावते. म्हणून येथे उदाहरणादाखल अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार व त्याच्या आसपासचा मुलूख घेतला आहे. नगर शहराची उंची सुमारे ६५० मीटर आहे. गणितासाठी हीच उंची धरली असून उन्हाळ्यातील दुपारचे तपमान ४० अंश सेल्सिअस मानले आहे. नगरजवळच संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन आणि विकास संस्था असल्यामुळे वाहनांच्या कसोटीचा विषय या भागाला परका नाही.

टर्बोभरणाचे तत्त्व

पेट्रोल एंजिनाची शक्ती मुळात इंधनावर नव्हे, हवेवर ठरते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंधन वाटेल तितके ओतता येते, पण त्याच्या जोडीला हवा नसेल तर ते धूर होऊन बाहेर पडते. सिलिंडरांचे आकारमान ठरलेले असते, तेव्हा त्याच आकारमानात अधिक वजनाची हवा कोंबणे हाच शक्ती वाढविण्याचा सरळ मार्ग उरतो. निष्कास वायूंत वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चाक फिरवून त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने हवा दाबून आत ढकलावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली व १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. प्रथम ती मोठ्या डिझेल एंजिनांत व विमानांत वापरली गेली. विमानाला तिची गरज उघड होती, कारण उंचीवर हवा विरळ होते. प्रवासी मोटारीत ती १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कोर्व्हेअर या गाड्यांच्या रूपाने अवतरली.

या दोन चाकांपैकी निष्कासाकडील चाकास टर्बाइन व हवेकडील चाकास संपीडक असे येथे म्हटले आहे. लहान मोटारीत ही जोडी मिनिटाला दीड ते अडीच लाख फेरे घेते, आणि टर्बाइनवर येणारे वायू पूर्ण भारावर ९५० अंशांच्या आसपास तापलेले असतात. दाब मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून काही वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी एक झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. मालक ज्याला ‘ट्यूनिंग’ म्हणतो त्यातील बराचसा भाग ही झडप उशिरा उघडावी, इंधन अधिक फवारावे आणि ठिणगीची वेळ बदलावी, अशा आज्ञा नियंत्रक संगणकात भरण्याइतकाच असतो. काम सोपे दिसते, आणि त्यातच त्याचा धोका आहे.

चार एंजिनांची तुलना

एंजिनावर किती भार टाकला आहे हे केवळ अश्वशक्तीवरून कळत नाही. त्यासाठी पिस्टनवरील माध्य परिणामी दाब हे माप अधिक उपयुक्त आहे. चार-स्ट्रोक एंजिनात पिळाच्या आकड्यास ४ पायने गुणून एंजिनाच्या आकारमानाने भागले असता तो मिळतो. टाटांच्या सुमारे १.२ लिटरच्या रेव्होट्रॉन घराण्यातील एंजिनांना हे सूत्र लावले तर चित्र स्पष्ट होते. टियागोमधील टर्बोविरहित तीन-सिलिंडरी एंजिनाचा पीळ ११४ न्यूटन-मीटर होता. त्याचा माध्य दाब १२ बार येतो. २०१४ च्या झेस्टमधील चार-सिलिंडरी टर्बो एंजिन १४० न्यूटन-मीटर देई, त्याचा दाब १४.७ बार भरतो. २०१७ च्या नेक्सॉनमधील तीन-सिलिंडरी टर्बो एंजिनाचा पीळ १७० न्यूटन-मीटर व दाब १७.८ बार होता. रेसमोच्या २१० न्यूटन-मीटरसाठी हाच आकडा २२ बार होतो.

म्हणजे टर्बोविरहित टियागोच्या तुलनेत रेसमोच्या प्रत्येक पिस्टनवर, दट्ट्याच्या दांड्यावर व बेअरिंगवर सरासरी दाब पावणेदोनपटीहून थोडा अधिक होता. दर लिटरला १५८ अश्वशक्ती हे प्रमाण कारखान्यातून बाहेर पडतानाच गाठलेले होते. अशा एंजिनास ‘ट्यूनिंगला भरपूर वाव असलेले’ म्हणणे चुकीचे ठरेल, कारण वाव आधीच खर्ची पडला होता. याउलट झेस्ट किंवा नेक्सॉनच्या एंजिनात दाब वाढविण्यास जागा होती, आणि त्याच जागेचा उपयोग करून रेसमोचे आकडे गाठले गेले. गाडीची जाहीर शक्ती मोठी असणे आणि तिच्यात वाढीस वाव असणे हे दोन भिन्न, किंबहुना बऱ्याचदा परस्परविरोधी गुण आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट पिळाच्या वक्राची. २१० न्यूटन-मीटर पीळ २५०० फेऱ्यांना, तर १९० अश्वशक्ती ६५०० फेऱ्यांना जाहीर केली होती. ६५०० फेऱ्यांना १९० अश्वशक्ती मिळण्यास सुमारे २०५ न्यूटन-मीटर पीळ लागतो. म्हणजे चार हजार फेऱ्यांच्या टप्प्यात पिळाचा वक्र जवळजवळ सपाट असावयास हवा. २५०० फेऱ्यांना या एंजिनास सेकंदाला सुमारे ५५ ग्रॅम हवा लागेल, ६५०० फेऱ्यांना सुमारे १४५ ग्रॅम. एकाच संपीडकाने जवळजवळ सारखाच दाब अडीचपटीहून अधिक अंतर असलेल्या या दोन प्रवाहांवर द्यावयाचा असतो. टर्बाइन लहान असेल तर ती लवकर वेग घेते पण वरच्या फेऱ्यांत वायू तुंबतात. मोठी असेल तर वर मोकळी चालते पण खाली सुस्त राहते. प्रवाह फार कमी असताना दाब फार मागितला तर संपीडकातील हवा उलटी उसळते, त्यास सर्ज म्हणतात. मोठा टर्बो बसवून शक्ती वाढवू पाहणाऱ्याच्या गाडीत शहरातील चढावर जो दम लागतो त्याचे मूळ येथे आहे.

पठारावरील गणित

आता १९० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १४० किलोवॅट, यांस लागणाऱ्या हवेचा हिशोब मांडता येतो. पूर्ण भारावर दर किलोवॅट-तासास ३०० ग्रॅम इंधन आणि इंधनाच्या साडेबारापट हवा धरल्यास सेकंदाला १४५ ग्रॅम हवा लागते. ६५०० फेऱ्यांना १.२ लिटरचे एंजिन सेकंदाला ६५ लिटर आकारमान गिळते. भरणक्षमता ९५ टक्के मानली तर सिलिंडरात शिरणाऱ्या हवेची घनता घनमीटरला सुमारे २.३६ किलो असली पाहिजे. समुद्रसपाटीवर १५ अंशांच्या हवेची घनता १.२२५ किलो असते. नगरच्या उंचीवर प्रमाण वातावरणाचा दाब १०१.३ वरून ९३.८ किलोपास्कलवर येतो आणि ४० अंशांच्या उन्हात घनता अवघी १.०४ किलो भरते. म्हणजे टर्बोविरहित एंजिनास प्रत्येक श्वासात सुमारे १५ टक्के हवा कमी मिळते.

टर्बोयुक्त एंजिन ही तूट भरून काढते असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे आहे, पण फुकट नाही. संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के व दाबलेली हवा निववणाऱ्या आंतरशीतकाची परिणामकारकता ७५ टक्के धरून दोन्ही ठिकाणांची तुलना करता येते. समुद्रसपाटीवर १५ अंशांना आवश्यक घनता मिळविण्यास दाब २.१ पट करावा लागतो. हवा संपीडकातून सुमारे ११२ अंशांवर बाहेर पडते व शीतकानंतर ३९ अंशांवर येते. नगरच्या पठारावर ४० अंशांना तीच घनता हवी असेल तर दाब २.५ पट करावा लागतो. हवा १७४ अंशांपर्यंत तापते आणि शीतकानंतरही ७३ अंशांवर राहते. जाहीर शक्ती तीच, पण संपीडकाला अधिक वेगाने फिरावे लागते, टर्बाइनला अधिक ऊर्जा द्यावी लागते, आणि सिलिंडरात शिरणारी हवा ३४ अंशांनी अधिक तापलेली असते.

आता त्यावर दहा टक्के वाढ हवी असे समजावे. म्हणजे १९० च्या जागी २०९ अश्वशक्ती. पठारावर दाबाचे गुणोत्तर २.८ च्या घरात जाते, संपीडकानंतरचे तपमान १९० अंश ओलांडते व शीतकानंतर ते ७८ अंश राहते. समुद्रकिनाऱ्यावर किरकोळ वाटणारी दहा टक्क्यांची वाढ येथे संपीडकास मूळच्या २.१ वरून २.८ पर्यंत खेचते. याउलट नियंत्रकाने संपीडक वाचविण्यासाठी गुणोत्तर २.१ वरच रोखले, तर त्याच पठारावर शक्ती १६० ते १६५ अश्वशक्तीवर उतरते. येथे दिलेले आकडे गृहीत कार्यक्षमतांवर आधारलेले असल्यामुळे प्रत्यक्ष यंत्रात थोडे कमीअधिक होतील, परंतु त्यांची दिशा बदलणार नाही.

ठोक्याची मर्यादा

दाब आणि तपमान वाढत गेल्यावर प्रथम आडवी येणारी मर्यादा यांत्रिक बळाची नसून ज्वलनाची असते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधीच तेथील उरलेले मिश्रण आपोआप पेटले तर दाबाची तीव्र लाट उठते. तिचा धातूवरील आवाज ठोक्यासारखा येतो. कारागीर त्यास नॉकिंग म्हणतात. हलका ठोका सहन होतो, सतत बसणारा ठोका पिस्टनच्या कडा खातो. तो टाळण्यासाठी नियंत्रक ठिणगी उशिरा पाडतो. त्यामुळे ज्वलन लांबते, पीळ घटतो व निष्कास वायू अधिक तापतात. ते निवविण्यास जादा इंधन फवारावे लागते. अशा रीतीने दाब वाढवून मिळविलेली शक्ती काही अंशी ठिणगी मागे घेण्यात व काही अंशी इंधनाच्या नासाडीत परत जाते. थंड सकाळी तपासणी-यंत्रावर दिसलेली वाढ मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर सापडत नाही, याचे कारण हेच होय.

इंधनाचा प्रकार बदलला की ही मर्यादा सरकते. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये ते सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास असून बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. या दोन्ही गुणांनी ठोका मागे हटतो. परंतु एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांशाइतकीच असल्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी पडते. पूर्ण शक्तीसाठी फवारे तितके अधिक इंधन देऊ शकले पाहिजेत. शिवाय इंधन शोषणमार्गात फवारणाऱ्या एंजिनात बाष्पीभवनाचा काही गारवा मार्गाच्या भिंतींकडून उष्णता घेण्यातच संपतो. सिलिंडरात थेट फवारणाऱ्या एंजिनास त्याचा लाभ अधिक मिळतो. ज्या गाडीचा नियंत्रक या इंधनासाठी जुळविलेला नाही तिला त्याच्या ऑक्टेनचा फायदा मिळत नाही, ऊर्जेतील तूट मात्र सोसावी लागते.

अल्पमोल म्हणजे काय

शक्ती स्वस्तात मिळते, ती पेलणारी गाडी स्वस्तात मिळत नाही. एक टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगास नेण्यास सुमारे ३८६ किलोज्यूल गतिज ऊर्जा लागते. ती सहा सेकंदांत द्यावयाची तर सरासरी ६४ किलोवॅट, म्हणजे ८७ अश्वशक्ती, चाकांवर पोहोचली पाहिजे. हवेचा रोध, गिअर बदलण्यातील खंड व टायरांची घसरण जमेस धरली तरी १९० अश्वशक्तीच्या हलक्या गाडीस हे अशक्य नाही. एंजिन मागील चाकांजवळ ठेवल्याने वेग घेताना त्या चाकांवर भार येतो व पकड मिळते. पण यासाठी वेगळा सांगाडा, वेगळी निलंबनयोजना, मोठे ब्रेक व थंड हवेचे वेगळे मार्ग लागतात. घरातल्या हॅचबॅकचे एंजिन उसने घेता येते, हे सारे उसने घेता येत नाही. थोड्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीवर हा खर्च विभागला गेला की ‘अल्पमोल’ हे विशेषण टिकविणे कठीण होते.

त्याच कंपनीने निवडलेला दुसरा मार्ग येथे उद्बोधक आहे. कोइंबतूरच्या जेयेम या संस्थेच्या भागीदारीत २०१८ मध्ये टियागो व टिगोर यांच्या ‘जेटीपी’ आवृत्त्या बाजारात आल्या. त्यांत १.२ लिटरच्या टर्बो एंजिनातून ११४ अश्वशक्ती काढली होती, म्हणजे लिटरला सुमारे ९५. निलंबन, टायर व बाह्यांगात मर्यादित बदल होते. टियागो जेटीपीची आरंभीची किंमत ६ लाख ३९ हजार रुपये होती, व ताशी १०० किलोमीटरसाठी तिला सुमारे १० सेकंद लागत. ही कूपे नव्हती, आणि एप्रिल २०२० च्या भारत स्टेज ६ निर्बंधांनंतर तीही राहिली नाही. तरीही ती प्रत्यक्ष रस्त्यावर आली, हे विसरता येत नाही. कारखान्यानेच केलेले माफक समायोजन, ज्यात एंजिन, निलंबन व हमी या तिन्हींचा मेळ असतो, ते बाहेर केलेल्या मोठ्या समायोजनापेक्षा बहुधा टिकाऊ ठरते.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. एखादा नमुना नगरच्या किंवा पुण्याच्या चाचणीसंस्थेकडून प्रमाणित होतो तेव्हा त्याची शक्ती, निष्कास व ब्रेक यांचा एकत्रित विचार झालेला असतो. त्यातील एकच अंक बदलला तर उरलेल्यांच्या प्रमाणपत्राचा आधार नाहीसा होतो.

ताळेबंद

हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेत आहे. तेथे वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामात पाणी अडविण्याइतकेच महत्त्व पाणी मोजण्याला दिले गेले. पडलेल्या पावसाचा वार्षिक ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवावयाचा, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्यात कोणते पीक बसते ते ठरवावयाचे, ही तेथील रीत. शेतीसाठी विंधनविहीर घेण्यास व ऊस-केळीसारखी तहानलेली पिके घेण्यास गावाने मनाई केली. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने उसाच्या अर्थकारणाचा पाया घातला, आणि ज्या उसापासून आज मोटारीत जाणारे इथेनॉल बनते, त्याच जिल्ह्यातील एका गावाने आपल्या जमाखर्चात ऊस बसत नाही असे ठरविले. खोल विंधनविहिरीतून मिळणारे पाणी जमेचे नसून उद्याच्या शिलकीतून काढलेले असते, हा त्यामागील विचार होता.

लहान टर्बो एंजिनाचे गणित याहून निराळे नाही. त्याच्या जमेच्या बाजूस हवा आहे, आणि पठारावर व उन्हात ती मुळातच तोकडी आहे. खर्चाच्या बाजूस आधी संपीडकाचा वेग, निष्कासाचे तपमान, ठोक्यापासूनचे अंतर व बेअरिंगचे आयुष्य यांची तरतूद करावी लागते. ही तरतूद केल्यावर जे उरते त्यालाच ट्यूनिंगचा वाव म्हणता येईल. वेस्टगेट रोखून मिळविलेली वाढ ही पुष्कळदा मिळकत नसून या राखीव रकमेतील उचल असते, व तिचा हप्ता पिस्टन किंवा टर्बो कालांतराने वसूल करतात.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पठारी प्रदेशात वापरावयाच्या टर्बो-मोटारीची शक्ती जाहीर करताना समुद्रसपाटीच्या आकड्याबरोबर ६०० ते ७०० मीटर उंचीवरील व ४० अंशांवरील आकडाही दिला जावा. वाढ करावयाचीच असेल तर दाबाच्या आधी आंतरशीतकाकडे लक्ष द्यावे. वरील गणितात पठारावर शीतकाची परिणामकारकता ७५ वरून ८५ टक्क्यांवर नेली, तर त्याच दाबावर हवेचे तपमान सुमारे १३ अंशांनी उतरते, घनता चार टक्क्यांनी वाढते आणि ठोकाही दूर सरकतो. मूळ एंजिनाचा माध्य परिणामी दाब काढल्याशिवाय त्याच्या ‘वावा’विषयी विधान करू नये. रेसमो रस्त्यावर आली असती तर तिच्या मालकांनी हे प्रयोग स्वतःच्या खर्चाने केले असते. ती न आल्यामुळे ते प्रयोगशाळेत व कागदावर करण्याची संधी विद्यार्थ्यांना उरली आहे, आणि पुढील अल्पमोल कूपे ज्या पठारावर जन्मेल त्याच पठाराच्या हवेत तिचा हिशोब मांडला जाणे इष्ट होय.